वऱ्हाडातील जिनिंग कारखान्यांचे फ्लायव्हील : वजन, वेग आणि कायदा

वऱ्हाडच्या कापूस व्यापाराचा इतिहास बहुधा बाजारपेठा, लोहमार्ग आणि भाव यांच्या आधारे मांडला जातो. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरला हिंदी कापसाची निकड भासली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला आणि अकोला, अमरावती, खामगाव ही कापसाची केंद्रे म्हणून वाढली. हा क्रम परिचित आहे. कारखान्याच्या आत फिरणाऱ्या जड चाकाचा विचार मात्र या मांडणीत क्वचितच येतो.

फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या जिनमध्ये चामड्याचा रोलर तंतू ओढतो, स्थिर सुरी सरकी अडवते आणि हलती सुरी ती झटकून टाकते. वाफेवरील कारखान्यात अशी अनेक यंत्रे पट्ट्यांनी एकाच लांब शाफ्टला जोडलेली असत. ओलसर कापूस आला की भार वाढे, एखाद्या यंत्राचा पट्टा उतरविला की तो घटे. शिवाय इंजिनाचा जोरही फेरीभर सारखा नसतो. हे चढउतार फ्लायव्हील पोटात घेई. चाक जितके जड आणि वजन जितके परिघाकडे, तितकी गती स्थिर.

या स्थैर्याची दुसरी बाजू कामगारांच्या वाट्याला आली. वाफ बंद केली तरी साठलेली ऊर्जा संपेपर्यंत चाक, शाफ्ट व पट्टे फिरतच राहत. पदर वा हात अडकला तर ते तत्काळ थांबविणे अशक्य. जिनिंगमध्ये स्त्रियांची संख्या मोठी असल्याने हा धोका विशेष गंभीर होता. तरीही १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने वगळले. कापसाचा हंगामच आखूड; त्यामुळे अनेक जिनिंग कारखाने कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. ही उणीव १९११ च्या कायद्याने काही अंशी भरून काढली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने इंजिनाला जोडलेल्या प्रत्येक फ्लायव्हीलला भक्कम कुंपण घालणे स्पष्ट शब्दांत बंधनकारक केले. ज्या यंत्रभागापासून कामगाराला जपायचे, त्याचे नावच कायद्यात आले.

वाफेच्या जागी तेलाचे इंजिन आल्याने चाक लगेच हलके झाले, असे मानणे चुकीचे ठरेल. वाफेच्या द्विक्रियी इंजिनात एका फेरीत दोनदा जोर मिळतो; एका सिलिंडरच्या चार-धावी तेल-इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणून मंदगती तेल-इंजिनांना दोन्ही बाजूंस जड चाके बसवीत. चाक खऱ्या अर्थाने हलके केले ते वेगाने. साताऱ्याच्या कूपर कारखान्यानंतर १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि मिनिटाला १५०० फेऱ्यांची इंजिने शेतावर आली. साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ६५० फेऱ्यांच्या चाकाइतकीच ऊर्जा १५०० फेऱ्यांना साठविण्यास सुमारे पाचव्या हिश्श्याचे जडत्व पुरते.

मोटारगाडीच्या इंजिनात हेच तत्त्व आणखी पुढे गेले. तेथे सिलिंडर अनेक असल्याने जोराचे झटके एकमेकांच्या जवळ येतात, आणि शर्यतीच्या गाडीसाठी तर मूळचे चाकही मुद्दाम हलके करतात. वजन परिघाकडून काढले तर परिणाम सर्वाधिक. इंजिन चटकन वेग घेते, हा फरक पहिल्या गियरमध्ये ठळक जाणवतो. मोबदल्यात गाडी उभी असताना इंजिन थरथरते, क्लच सोडताना ते बंद पडू शकते. बिडाचे चाक बेताल खरवडले तर मोठ्या वेगात ते फुटण्याचा धोका असतो, म्हणून अशा कामी पोलादी चाक पसंत करतात. जिनिंगच्या मालकाला हवे होते नेमके याच्या उलट : गती वाढली नाही तरी चालेल, ती ढळू नये.

विद्युत मोटरने हा प्रश्नच वेगळ्या रीतीने सोडविला. २००० मध्ये सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास अर्थसाहाय्य मिळाले. आधुनिक कारखान्यात प्रत्येक डबल रोलर जिनला स्वतंत्र मोटर असते. एक यंत्र अडले तर तेवढेच बंद करता येते. सामाईक शाफ्ट गेला, त्याच्यासोबत ते जड चाकही गेले.