नगरचा गांजा आणि विकतची हवा

दिवाळीच्या फराळाशेजारी गांजाचा विषय मांडणारा मास्तर पाहून काही वाचक भुवया उंचावतील, हे मी धरून चाललो आहे. त्यांनी निश्चिंत असावे. या लेखात चिलमीचे गुणगान नाही आणि कीर्तनकाराचा उपदेशही नाही. हा लेख आहे एका झाडाचा, आणि त्याहूनही अधिक त्या झाडाला लागणाऱ्या हवेचा. हे झाड एके काळी आमच्या नगर जिल्ह्याच्या उघड्या माळावर सरकारी परवान्याने डोलत होते. आज तेच झाड सातासमुद्रापलीकडे बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात, विकत आणलेल्या हवेवर वाढते आहे. शेतातून खोलीत झालेला हा प्रवास मोठा नवलाचा आहे.

ब्रिटिश अमदानीत गांजाच्या शेतीसाठी जी मोजकी ठिकाणे नामांकित होती, त्यांत बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर ही नावे येतात. आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण जुन्या अबकारी दप्तरात तो अहमदनगर म्हणूनच नोंदलेला आहे. आमचा मुलूख अवर्षणाचा. बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगे ही येथली खरी पिके. त्यांच्याच शेजारी एखाद्या तुकड्यात, परवाना काढून, कुणबी गांजा लावीत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या पिकावर सरकारचे बारीक लक्ष असे. माल परवानेवाल्यालाच विकायचा, तो वाहून न्यायचा तर पास काढायचा, आणि दुकानाचा मक्ता लिलावाने जायचा. घाम शेतकऱ्याचा, झिंग गिऱ्हाइकाची आणि नफ्याचा मोठा वाटा सरकारचा, अशी ही वाटणी होती.

या शेतीतली खरी कसोटी पेरणीत नव्हती, निवडीत होती. या झाडाची नर आणि मादी अशी दोन वेगळी रोपे असतात. मादीच्या तुऱ्यांवर नराचा पराग पडला की बी धरते आणि मालाचा कस जातो. म्हणून फुले उमलण्याआधीच एकेक नर हुडकून उपटायचा. शेतकरी ओळीओळीने फिरून हे काम करी. बंगालमध्ये तर त्यासाठी पोद्दार नावाचे खास जाणकार बोलावीत. मौज अशी, की हिंदुस्थानात काय किंवा युरोपात काय, कित्येक ठिकाणच्या लोकबोलीत नावे नेमकी उलटी पडली होती. जे झाड धट्टेकट्टे आणि पैसा देणारे, ते नर, असे लोकांनी ठरवून टाकले होते. वनस्पतिशास्त्राचा निकाल त्यांच्या कानी जायचा होता! थंडीत तुरे कापायचे, उन्हात पसरायचे आणि पायांनी तुडवून चपटे करायचे. पुढे अमेरिकेत ‘बिनबियांचा’ अशा अर्थाच्या स्पॅनिश नावाने जो महागडा माल गाजला, त्याचे मर्म हेच होते. आमच्याकडच्या अंगठेबहाद्दर कुणब्याला ते तोंडपाठ होते.

या शेतीकडे विलायतेचे लक्ष गेले ते १८९३ साली. मद्यपानाविरुद्ध झटणारे पार्लमेंटचे सभासद विल्यम केन यांनी मार्च महिन्यात कॉमन्स सभेत गांजाचा प्रश्न काढला, आणि त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमले गेले. त्यांत तिघे हिंदी होते. या कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, जमीनदार, वेड्यांच्या इस्पितळांचे अधिकारी, सगळ्यांना प्रश्न विचारले. १८९४ चा त्यांचा अहवाल सात खंडांचा भरला. निष्कर्ष असा, की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक. तेव्हा सरसकट बंदी नको, कर आणि देखरेख हवी. कोणी म्हणेल, यात सरकारच्या तिजोरीचीही सोय होती. होतीच. पण एवढ्या बारकाईने आणि इतक्या थंड डोक्याने या विषयाचा विचार त्यापूर्वी जगात कोठे झाला नव्हता, हेही तितकेच खरे.

पुढे वारे फिरले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि गांजाही त्याच्या कक्षेत घेतला. १९६१ साली अमली पदार्थांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. औषध व संशोधन यांखेरीजचा गांजा पंचवीस वर्षांत बंद करण्याची मुदत त्यात होती. ती संपत आली तेव्हा आपल्या संसदेने १९८५ चा कायदा केला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो अमलात आला. विनापरवाना झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. फुलाफळांचे तुरे तेवढे ‘गांजा’; नुसती पाने आणि बी त्या व्याख्येबाहेर. महाशिवरात्रीची भांग कायद्यातून सुटते ती या फटीतून.

आता दृश्य बदलू. अमेरिकेत १९३७ पासून या झाडाला कायद्याचा पहारा होता. १९८३ पासून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत सरकारी हेलिकॉप्टरे गांजाची शेते हुडकीत फिरू लागली. आकाशातून दिसते म्हटल्यावर लावणारे घरात शिरले. तळघरे, माळे, गुदामे यांत रोपे आली. सूर्याच्या जागी प्रखर दिवे टांगले, मातीऐवजी खतपाण्यात मुळे सोडली. वास बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या बंद केल्या. आणि येथेच एक अडचण उभी राहिली. बंद खोलीत झाडे गुदमरू लागली! माणसासारखी नव्हे. प्राणवायू भरपूर होता, पण झाडांचे अन्नच हवेतून संपले होते.

हे अन्न म्हणजे कार्बन डायऑक्साइड, जुन्या शालेय पुस्तकांतला कर्बवायू. वर्गात मी विचारतो, वडाचे एवढे मोठे खोड कशाचे झाले? मुले एकसुरात म्हणतात, मातीचे. सतराव्या शतकात फान हेल्मोंट नावाच्या फ्लेमिश गृहस्थाने हे तपासून पाहिले. २०० पौंड मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड झाले १६९ पौंडांचे आणि माती घटली दोन औंस. त्याला वाटले, सगळे पाण्याचेच झाले. पुढे प्रीस्टलीने १७७१ साली दाखवले, की मेणबत्तीने बिघडवलेली हवा पुदिन्याची डहाळी सुधारते. इंगेनहाउसने १७७९ साली सांगितले, की हे उजेडातच घडते. १८०४ साली द सोस्यूरने मोजमापे करून पक्के केले, की झाडाच्या अंगातला कर्ब हवेतून येतो. म्हणजे लाकूड ही गोठलेली हवाच म्हणायची.

मात्र ही शिदोरी फार तुटपुंजी आहे. आजच्या हवेच्या दहा हजार भागांत कर्बवायू जेमतेम चार-सव्वाचार भाग. कारखानदारीच्या आधी तो तीनहूनही कमी होता. तेव्हा ही मात्रा वाढवली तर झाड अधिक जेवेल, हा विचार ओघानेच आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनीत लोखंडाच्या भट्ट्यांचा वायू शुद्ध करून पिकांना देण्याचे प्रयोग झाले. १९६० नंतर हॉलंड व इंग्लंड येथील काचगृहांत टोमॅटो, काकडी, सॅलडची पाने यांना हा वायू देण्याची पद्धत रूढ झाली. नेहमीच्या दुप्पट-अडीचपट मात्रा दिली, आणि उजेड, पाणी, खत भरपूर असले, तर उत्पन्न चांगले वाढते. भाजीवाल्यांची हीच युक्ती गांजाच्या खोल्यांनी उचलली. वायूची नळकांडी आली, मात्रा मोजणारी यंत्रे आली. नगरच्या माळावर वारा जे फुकट आणून देत होता, त्याचे बिल येऊ लागले.

येथे आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ही विकतची हवा सगळ्या पिकांना सारखी मानवत नाही. गहू, हरभरा, कापूस आणि गांजाही, यांना जादा कर्बवायू लाभतो. कारण त्यांच्या पानांतली कर्ब पकडणारी यंत्रणा थोडी वेंधळी आहे, ती कर्बवायूऐवजी प्राणवायूच पकडून बसते. वायू दाट झाला की तिची चूक कमी होते. ऊस, ज्वारी, बाजरी मात्र मुळातच हुशार. ती आपल्या पानात कर्बवायू स्वतःच दाट करून घेतात. हे रहस्य उलगडले तेही उसाच्या पानातच. १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी ते मांडले. म्हणजे ज्या नगर जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि ज्याची भाकरी बाजरीची, त्याच्या शेताला विकतच्या हवेची फारशी गरजच नाही. उलट, मळीपासून मद्यार्क करताना जवळजवळ त्याच वजनाचा कर्बवायू फसफसून बाहेर पडतो. तिकडे जो वायू नळकांड्यांत भरून विकतात, तो साखरेच्या मुलखात असा बुडबुड्यांनी निघत असतो.

हा वायू झाडाचे अन्न असला तरी माणसाचा मित्र नव्हे, आणि हे आपल्या वाडवडिलांना पुस्तकांवाचून ठाऊक होते. जमिनीतल्या पेवात ज्वारी साठवीत. दाणा श्वास घेतो, कोंडलेल्या पेवात कर्बवायू साचतो, आणि हवेहून जड असल्याने तळाशी बसून राहतो. म्हणून पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, हा दंडक. घाई करणारा आत गेला तो वर आलाच नाही, अशा हकीकती गावोगाव ऐकायला मिळतात. हवेच्या शंभर भागांत हा वायू चार-पाच भाग झाला की धाप लागते आणि डोके गरगरते. दहा भाग झाला की शुद्ध हरपते. त्याला ना रंग, ना वास. विलायतेतली ती दिव्यांची खोली म्हणजे आधुनिक पेवच समजावे.

आणि आता या खोलीचा हिशेब. दिवे, पंखे, थंडावा, वायू, सगळे मिळून खर्च किती? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अमेरिकेतील विजेचा सुमारे शंभरावा हिस्सा अशा खोल्या गिळतात. २०२१ साली कोलोरॅडो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की तेथे एक किलो वाळलेल्या फुलामागे, जागेनुसार, सुमारे सव्वादोन हजार ते पाच हजार किलो कर्बवायूइतका भार बाहेरच्या हवेवर पडतो. आत चिमूटभर वायू विकत घालायचा आणि बाहेर खंडोगणती सोडायचा, असा हा उफराटा व्यवहार! उघड्या शेतात याला ना दिवा लागत होता ना नळकांडे.

बंदीने झाड मेले नाही, ते घरात शिरले, असा या इतिहासाचा अर्थ मला दिसतो. कॅनडाने २०१८ साली हे झाड कायदेशीर केले, तरी तेथेही कित्येक ठिकाणी ते खोलीतच राहिले. कारण एकदा लागलेली सवय पैशाची असते, भीतीची नव्हे. आपल्याकडे उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्यासाठी, नशा नसलेल्या जातीला परवाने देण्याची वाट धरली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजा अतिघातक यादीतून काढला, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. पण १९८५ चा कायदा आजही उभा आहे. उसाच्या फडात किंवा तुरीच्या ओळीत गांजा सापडल्याची बातमी वर्तमानपत्रात अधूनमधून येते. पकडला जातो तो बहुधा दोन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी. त्याच्या पणजोबाने कदाचित याच मातीत याच झाडाचा परवाना घेतला असेल. नातवाच्या हाती मात्र बेड्या पडतात.

मोबाइलवर दिव्यांच्या खोल्यांची चित्रे पाहून झटपट श्रीमंतीचे बेत करणारी पोरे आता खेड्यातही दिसतात. त्यांच्या आईबापांनी या सणाच्या दिवसांत त्यांना जवळ बसवून दोन गोष्टी सांगाव्यात: कायद्याची दहा वर्षे, आणि पेवाचा दंडक. तिसरी गोष्ट मी वर्गात सांगतोच. बाजरीच्या कणसात भरलेला दाणा हा आपल्या माळावरच्या वाऱ्याचाच झालेला असतो, आणि त्या वाऱ्याचे बिल अजून कोणी पाठवलेले नाही.