पिकअप हवा, तोही रोजचा: आपल्याकडच्या वेगवान सेडानचा सेकंड-हँड इतिहास

मेसेजमध्ये एक प्रश्न सारखा येतो: "दादा, सहा-सात लाख आहेत. रोज ऑफिसला न्यायचीय, पण पळणारी सेडान हवी. जुनी ऑक्टेविया घेऊ की आणखी काही?" या प्रश्नाचं उत्तर मी इतिहासातून देणार आहे. कारण सेकंड-हँड बाजारात एखादी भारी गाडी स्वस्त दिसते, तेव्हा त्या स्वस्ताईमागे वीस-पंचवीस वर्षांची गोष्ट असते.

सुरुवात करू बंद बाजारापासून. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे सेडान म्हणजे अँबेसेडर, नाहीतर कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी. १९८४ मध्ये हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली. तिचा सांगाडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आणि पुढे तिला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन मिळालं तेव्हा कुठे तिच्यात जीव आला. वेग हा तेव्हा विकत घेण्याचा विषयच नव्हता. गाडी मिळतेय हेच खूप होतं.

१९९३ मध्ये मोटार उद्योगावरचं परवान्याचं बंधन उठलं आणि चित्र पालटलं. नाशिकला फोर्ड एस्कॉर्ट बनायला लागली, ओपेल ॲस्ट्रा आली, मित्सुबिशी लान्सर आली, होंडा सिटी आली. आणि २००० मध्ये सिटीला १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन मिळालं. १०६ हॉर्सपॉवर, हलकी बॉडी, खाली बसलेली गाडी. आजही जुन्या गाड्यांचा शौक असलेल्या कुणासमोर नुसतं "व्हीटेक" म्हणा, चेहरा खुलतो.

पण पुढे काय झालं बघा. २००३ मध्ये होंडाने नवी सिटी आणली, तिच्यात ७७ हॉर्सपॉवरचं इंजिन. ताकद कमी, एव्हरेज जास्त. आणि ती गाडी धडाक्यात खपली! कंपनीने आपल्याला बरोबर ओळखलं होतं. शोरूममध्ये आपला पहिला प्रश्न "कितीची देते?" हाच असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पेट्रोलचं बिल आपल्याच पगारातून जातं.

तसंच स्कोडाचं. तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शेंद्र्याच्या कारखान्यात ऑक्टेविया जुळायला लागली. २००४ मध्ये तिची व्हीआरएस आली: १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर. पण रस्त्यावर जास्त दिसली ती डिझेल ऑक्टेविया. फियाटने २०१० मध्ये रांजणगावात बनणाऱ्या लिनियाला १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन दिलं, ११४ हॉर्सपॉवरचं. शौकिनांनी कौतुक केलं, घेतली मात्र मोजक्यांनी.

त्यात सरकारी करांनी रस्ता आणखी अरुंद केला. २००६ च्या बजेटमध्ये चार मीटरपेक्षा लहान आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं. मग कंपन्यांनी काय केलं? सेडानची डिकीच कापली. इंडिगो सीएस झाली, २०१२ ची डिझायर झाली. मोठं इंजिन आणि लांब बॉडी म्हणजे जास्त कर, म्हणजे कमी गिऱ्हाईक.

आता हे सगळं तुमच्या सात लाखांशी जोडू. नवी असताना कमी खपलेली गाडी जुनी झाल्यावर पटापट स्वस्त होते, कारण घेणारे कमी. पण एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. वीस लाखांच्या गाडीचा गिअरबॉक्स ती सहा लाखांना मिळाली म्हणून सहा लाखांच्या गाडीचा होत नाही. २०१३ नंतरची १८० हॉर्सपॉवरची ऑक्टेविया १.८ टीएसआय म्हणूनच मोहात पाडते. तिच्यात सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी असतो. हायवेवर लोण्यासारखा, पण इंचाइंचाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये त्याचे क्लच तापतात आणि झिजतात. दुरुस्ती निघाली की बिल मोठंच. आणि "रोजची गाडी" म्हणजे आपल्याकडे ट्रॅफिकच ना?

दुसरी गोष्ट कंपनीच्या नशिबाची. शेवरोलेने २०१७ अखेर भारतात विक्री थांबवली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. फियाटच्या गाड्या बीएस-सिक्सच्या उंबरठ्यावरच थांबल्या. इंजिन कितीही दणकट असो, समोरची काच फुटली किंवा हेडलाइट गेला की महिनाभर फोन कोण फिरवणार?

तिसरी गोष्ट कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर. दिल्लीत तर १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी म्हणजे डोकेदुखीच. इन्शुरन्सही इंजिन बघून लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार थर्ड पार्टी हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे थेट ७,८९७. अधिक जीएसटी.

मग मी काय घेईन? मी घेईन २०२० नंतरची स्कोडा रॅपिड १.० टीएसआय, मॅन्युअल. हसू नका. ९९९ सीसी, तीन सिलिंडर, पण टर्बोमुळे ११० हॉर्सपॉवर. म्हणजे जुन्या व्हीटेकपेक्षा चार जास्तच! सहा गिअर, डीएसजीची भानगड नाही, बीएस-सिक्स, नोंदणी २०३५ पर्यंत किंवा पुढे. १.० टीएसआय इंजिन २०२२ मध्ये आलेल्या स्लावियातही आहे, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची चिंता कमी. ज्या करांनी मोठी इंजिनं मागे ढकलली, त्यांच्यामुळेच कंपन्या लहान इंजिनाला टर्बो लावायला लागल्या. इतिहासाने घेतलेला वेग असा मागच्या दाराने परत दिला.

ऑक्टेवियावर मन जडलंच असेल तर जरूर घ्या, पण सात लाखांतले पाच-साडेपाचच गाडीवर घाला, बाकीचे वेगळे ठेवा. गाडी थंड असतानाच बघायला जा. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. सर्व्हिसची बिलं मागा. बेल्टचं इंजिन असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे किलोमीटरबरोबर वर्षांतही विचारा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलानं तपासा.

अनेकांसाठी हे पैसे पहिल्या चार-पाच वर्षांच्या नोकरीची बचत असतात. घाटात तिसऱ्या गिअरला टर्बो खेचतो तो आनंद खराच आहे. फक्त तो महिन्याच्या वीस तारखेलाही परवडायला हवा.

तुमच्या शॉर्टलिस्टमध्ये कुठली गाडी आहे, मेसेज करून कळवा. भेटू पुढच्या भागात. सीटबेल्ट लावा!