थेंबांतील आंतडें

डबक्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणाऱ्यास पूर्वीं एकच वाट होती: दिसेल तें हातानें रेखाटणें. बर्लिनच्या एरेनबर्ग यांनीं थेंबांतील जीवांस नीळ व किरमिजी रंग चारले. देहांत रंगाचे ठिपके उमटले. तीं जठरेंच, असें त्यांच्या मनानें घेतलें, आणि 1838 च्या ग्रंथांतील देखण्या चित्रांत तीं एका आंतड्यास जोडलेलींहि उतरलीं! तें आंतडें थेंबांत नव्हतें, मतांत होतें. फ्रान्सच्या द्युजार्दँ यांनीं 1841 त तें साफ नाकारलें व पुढें तेच खरे ठरले.

वोल्श्टाईन या लहानशा गांवीं डॉक्टरकी करणाऱ्या कॉख यांनीं 1877 त त्याहूनहि सूक्ष्म अशा जंतूंचीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं. रेखाटणारा नकळत आपलें मतच रेखाटतो, असें त्यांचें म्हणणें. (आमचा वर्गांतील अनुभव निराळा नाहीं.) परंतु चळवळता जीव छायाचित्रांत स्पष्ट उमटेना, सबब कॉख यांनीं थेंब कांचेवर वाळवून, रंगवून, मग कॅमेऱ्यापुढें आणला. साक्ष निःपक्षपाती झाली, पण ती मृताविषयीं.

विद्यार्थ्यांपुढें आम्ही दोन्ही चित्रें ठेवतों. छायाचित्र पाहून ते मान डोलावतात आणि एरेनबर्ग यांच्या चित्रापाशीं रेंगाळतात. आम्हीहि रेंगाळतों.