आग्या माशी आणि निशाचर भुंगा
कीटकवर्गाच्या एपिडी कुलातील दोन जाती. सह्याद्रीतील भीमाशंकरच्या जंगलात दोन्ही आढळतात. जीवनक्रम मात्र पूर्णतः भिन्न.

आग्या माशी (एपिस डॉर्सेटा) समूहाने राहते. उंच झाडे, कडे किंवा इमारती यांवर तिचे एकच उघडे, सुमारे १ मी. रुंदीपर्यंतचे पोळे लोंबते. राणी अंडी घालते. हजारो कामकरी माश्या मकरंद व पराग आणतात, पिलांना भरवतात आणि एकजुटीने डंख करून पोळे राखतात. फुलोरा ओसरला की वसाहत स्थलांतर करते.

निशाचर भुंगा (झायलोकोपा ट्रँकेबारिका) याच्यात राणी व कामकरी असे वर्ग नसतात. मादी वाळलेले लाकूड कोरून कप्पे करते, प्रत्येकात परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि लाकडाच्या भुश्याने कप्पा बंद करते. पिलाला नंतर भरवावे लागत नाही.

आग्या माशी मुख्यतः दिवसा, तसेच चांदण्या रात्रीही उडते. हा भुंगा चंद्र नसतानाही उडतो. ताऱ्यांच्या प्रकाशात त्याला रंग ओळखता येतात, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. दोन्ही जाती महत्त्वाच्या परागवाहक आहेत.