वसई कोणत्या नावाने शोधावी?

इंटरनेट अर्काइव्ह या विशाल अंकीय संग्रहात 'बसैन' हा इंग्रजांनी रूढ केलेला शब्द टंकून शोध घेतला, तर समोर येणाऱ्या यादीत वसईच्या मांडीला मांडी लावून ब्रह्मदेश बसलेला दिसतो. इरावती नदीच्या मुखाजवळील ज्या बंदराला आज पथेन म्हणतात, त्यालाही इंग्रज 'बसैन'च म्हणत. तांदळाच्या निर्यातीचे अहवाल, जहाजांच्या नोंदी, १८५२ च्या युद्धाचे कागद असे सारे त्या दुसऱ्या बसैनचे साहित्य आपल्या वसईत मिसळून जाते. यातून सुटका व्हावी म्हणून एखाद्या शोधकाने 'ख्रिस्ती' हा शब्द जोडला, तरी गुंता सुटत नाही. कारण तेथील कारेन जमातीत अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांचे मोठे कार्य झाले होते आणि कार्पेंटर नावाच्या मिशनऱ्याचा १८८३ मधील त्याविषयीचा जाडजूड ग्रंथ 'बसैन' आणि 'मिशन' हे दोन्ही शब्द शीर्षकात मिरवतो. वसईच्या चर्चचा इतिहास शोधू गेलेला वाचक कारेन लोकांच्या शाळांत जाऊन पोहोचतो!

हा प्रकार गमतीचा वाटला तरी त्यामागील प्रश्न आपल्या समाजाच्या दृष्टीने गंभीर आहे. लिस्बन, लंडन, दिल्ली, पणजी येथील दप्तरखान्यांत पडून असलेले कागद पाहण्यासाठी आपल्या पूर्वीच्या अभ्यासकांना आयुष्याची पुंजी खर्चावी लागत असे. आज त्यांतील पुष्कळ साहित्य घरबसल्या वाचता येते. इंटरनेट अर्काइव्हची स्थापना ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये केली. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ मध्ये 'अभिलेख पटल' हे आपले दालन उघडले. पोर्तुगालच्या 'तोर्रे दो तोंबो' या राष्ट्रीय दप्तरखान्यानेही आपल्या हस्तलिखितांच्या प्रतिमा मोठ्या संख्येने उपलब्ध केल्या आहेत. दारे उघडी झाली खरी. पण आत जाण्यासाठी उच्चारावा लागणारा शब्द कोणता, हे ज्याला ठाऊक नाही तो दारातच उभा राहतो.

पूर्वी पेशवे दप्तरातील कागद कापडात बांधून ठेवीत आणि त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणत. कोणत्या रुमालात काय आहे हे सांगणारा जाणकार कारकून असे. आता त्या कारकुनाची जागा शोधशब्दाने, म्हणजे ज्याला 'टॅग' म्हणतात त्या चिठ्ठीने घेतली आहे. प्रत्येक कागदाला नोंद करणारा मनुष्य दोन-चार शब्दांच्या चिठ्ठ्या जोडतो. एकच कागद एकाच वेळी अनेक रुमालांत ठेवता यावा, अशी ही सोय आहे. मात्र चिठ्ठी लिहिणारा ज्या नावाने त्या वस्तूला ओळखतो, तेच नाव चिठ्ठीवर उतरते. आपला इतिहास लिहिणारे आणि त्यावर चिठ्ठ्या चिकटवणारे बहुतेक वेळा परके होते. म्हणून आपले गाव आणि आपली माणसे या संग्रहात परक्यांनी दिलेल्या नावाखाली राहतात.

गावाचेच पाहा. वसई, बासाईं, बसैन ही तीन रूपे सर्वपरिचित आहेत. पेशव्यांच्या अमलात 'बाजीपूर' हे चौथे नावही काही काळ चालले. पोर्तुगीज रूपात 'सी' या अक्षराखाली एक लहानशी शेपटी असते आणि तिच्यामुळे त्याचा उच्चार 'स' होतो. यंत्राने पान वाचताना ही शेपटी हमखास गळते आणि 'बासाईं'चे 'बाकाईम' होऊन बसते. इंग्रजी ग्रंथांची कथा याहून निराळी. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजी छपाईत शब्दाच्या मध्ये येणारा 'एस' लांब आकाराचा असे आणि तो 'एफ'सारखा दिसे. यंत्र त्याला 'एफ'च समजते. त्यामुळे त्या काळच्या छापील पुस्तकांत वसई पाहायची असेल, तर 'बॅफीन' आणि साष्टी पाहायची असेल, तर 'सालफेट' असे कोणीही कधी न उच्चारलेले शब्द टंकावे लागतात. आश्चर्य म्हणजे तसे केल्यावर पाने सापडतात.

'वसईचा तह' हा शोधशब्दही असाच फसवा आहे. वसईचे तह दोन. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, तो पहिला. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी केला, तो दुसरा. या दुसऱ्या तहावर इंग्रजांनी इतके लिहून ठेवले आहे की, ज्या पहिल्या तहामुळे आपल्या समाजाचे भवितव्य बदलले, तो शोधाच्या यादीत कोठेतरी खाली दबून राहतो. १५३४ हे वर्ष शब्दाला जोडले म्हणजे तो वर येतो. वर्ष हा सर्वांत प्रामाणिक शोधशब्द आहे, कारण त्याचे वर्णांतर होत नाही.

साष्टीच्या नावाने तर दोन प्रदेश नांदतात. सहासष्ट गावांवरून पडलेले हे नाव ठाणे-वांद्रे परिसराचे, तसेच गोव्यातील मडगाव परिसराचेही. पोर्तुगीज लेखक दोहोंना 'साल्सेत' म्हणत. आपल्याकडील साष्टीसंबंधी वाचायचे असेल, तर 'उत्तर प्रांत' या अर्थाचा 'प्रोव्हिन्सिया दो नोर्ते' हा शब्द बरोबर ठेवणे आवश्यक ठरते. आगाशीचेही तसेच. तिला पोर्तुगीज 'आगासाईं' म्हणत आणि त्याच नावाचे गाव गोव्यात तिसवाडीत आहे.

आता जो कागद खरोखर हाती लागावा असा आहे, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. १५५४ मध्ये सिमांव बोतेल्यु या पोर्तुगीज वित्ताधिकाऱ्याने हिंदुस्थानातील पोर्तुगीज मुलखाच्या उत्पन्नाची एक नोंदवही तयार केली. तिला 'तोंबो' म्हणतात. ही वही १८६८ मध्ये लिस्बनच्या विज्ञान अकादमीने फेल्नेर यांच्या संपादनाखाली छापली आणि आज ती कोणालाही पाहता येते. पहिल्या वाचनात ती केवळ रकमांची जंत्री वाटते. परंतु जरा थांबून शब्द उच्चारून पाहिले, तर पोर्तुगीज वेषातून आपली मराठी बोलू लागते. 'प्रागाना' म्हणजे परगणा. 'तानादारिया' म्हणजे ठाणेदारी. 'मांदोव्हीं' म्हणजे मांडवी, जकात घेण्याचे ठिकाण. नवे राज्यकर्ते आले, परंतु महसूल गोळा करायचा तर जुन्याच चौकटीत शिरावे लागले, हे त्या शब्दांवरून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या प्रदीर्घ विवेचनाने होणार नाही.

असे शब्द उलगडण्याची किल्ली एका धर्मगुरूने करून ठेवली आहे. गोव्यातील आसगाव येथे जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा कोश १९१९ व १९२१ मध्ये दोन खंडांत कोइंब्राहून प्रसिद्ध झाला. 'कुरुंबीं' म्हणजे कुणबी, 'बांदारीं' म्हणजे भंडारी हे त्यात पाहून घ्यावे आणि मग तेच शब्द पोर्तुगीज संग्रहांत शोधावेत. आपले शेतकरी, माडावर चढणारे आपले पूर्वज त्या नावांखाली आढळतात. 'ख्रिस्ती' या शब्दाखाली बहुतेक वेळा धर्मगुरू, मठ आणि त्यांचे वाद सापडतात. घाम गाळणारा ख्रिस्ती माणूस त्याच्या धंद्याच्या नावाखाली असतो. हा भेद ध्यानी न घेतल्यामुळे आपला इतिहास फार काळ केवळ चर्चच्या इमारतींचा इतिहास राहिला, असे माझे मत आहे.

मराठी कागदांकडे वळलो की नाव पुन्हा बदलते. पोर्तुगीज अमलाखालील कोकणपट्टीला मराठे 'फिरंगाण' म्हणत. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. त्यांतील सोळावा खंड वसईच्या १७३७ ते १७३९ या मोहिमेला वाहिलेला आहे. चिमाजी अप्पांच्या छावणीतून गेलेली पत्रे त्यात वाचावयास मिळतात. छापील खंड शोधता येतात, पण दप्तरातील उरलेले लक्षावधी कागद मोडी लिपीत आहेत. जुन्या घाईच्या हस्ताक्षरांतील मोडी आजही माणसालाच लावावी लागते. तेथे सारा भार चिठ्ठीवर. ज्या कागदावर 'वसई' अशी चिठ्ठी नाही, तो वसईचा असूनही वसईकरांना दिसणार नाही.

सर्वांत मोठा घोळ आपल्या समाजाच्या नावाचा. मुंबई, साष्टी, वसई येथील मूळ रहिवासी असलेल्या ख्रिस्ती लोकांना इंग्रज अधिकारी कधी 'नेटिव्ह ख्रिश्चन', तर कधी चक्क 'पोर्तुगीज' म्हणत. वांद्र्याच्या वा ठाण्याच्या मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याची नोंद 'पोर्तुगीज' म्हणून व्हावी, ही केवढी विपरीत गोष्ट! पुढे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली आणि गोव्याहून आलेल्या बांधवांपासून आपला वेगळेपणा दाखविण्यासाठी मुंबई-साष्टीच्या मंडळींनी 'ईस्ट इंडियन' हे नाव स्वीकारले. याचा शोधकाच्या दृष्टीने परिणाम असा की, कॅम्पबेल यांनी संपादिलेला ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर, जो १८८२ मध्ये, म्हणजे पाच वर्षे आधी निघाला, त्यात त्या नावाने आपला समाज शोधणे व्यर्थ आहे. तेथे ईस्ट इंडिया कंपनी मात्र पानोपानी भेटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्याकडील कागदांत 'ईस्ट इंडियन' म्हणजे युरोपीय पित्याची मिश्र संतती. त्रिनिदाद आणि गयाना येथील कागदांत ते उसाच्या मळ्यांवर नेलेले भारतीय मजूर आणि त्यांचे वंशज. शिवाय ईस्ट इंडियन रेल्वे आहेच! वसईकडील सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती मंडळींतील अनेकांना तर हे नाव आपले वाटतच नाही. मग त्यांनी शोधावे कोठे? गावाच्या नावाखाली आणि जातीच्या जुन्या नावाखाली, एवढेच उत्तर देता येते.

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले आणि ८ जून १८६२ रोजी नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. वसईच्या नावाखाली त्यांच्याविषयीचे समकालीन कागद फारच थोडे सापडतील. ते फ्रान्सिस्कन झाले मनिलात. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून जपानला गेले, तेही स्पॅनिश वकिलातीतून. म्हणून त्यांचा माग फिलिपिन्सच्या स्पॅनिश कागदांत लागतो. या कागदांचा इंग्रजी अनुवाद ब्लेअर व रॉबर्टसन यांनी १९०३ ते १९०९ या काळात पंचावन्न खंडांत प्रसिद्ध केला आणि तो सारा अंकीय संग्रहात आहे. तेथे शोधशब्द 'जपान', 'हुतात्मे', 'फ्राय गोन्सालो' हे ठेवावेत. आपल्या मातीतला पहिला संत परक्या तीन देशांच्या चिठ्ठ्यांखाली शोधावा लागतो.

कुटुंबाचा इतिहास शोधणाऱ्यांना आडनावाचा मोह होतो. तो लाभदायक नाही. लोपीस, परेरा, डिसोजा या नावांनी ब्राझीलपासून मकावपर्यंतचे लोक गोळा होतात, आणि वसईतही एकाच आडनावाच्या घरांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. येथे उपयोगी पडते ती धर्मग्रामाची नोंदवही. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले आणि स्नानसंस्काराच्या वेळी ज्ञानपित्यांची नावेही वहीत लिहावयास सांगितली. ज्ञानपित्याशी जडणारे आध्यात्मिक नाते पुढे विवाहाच्या आड येत असे, म्हणून ही दक्षता. त्या दक्षतेमुळे कोणती घरे कोणत्या घरांशी जोडलेली होती, याचे जाळेच वहीत विणले गेले. ज्याला आपण कुपारी म्हणतो, तो शब्द 'कोंपाद्रे' या पोर्तुगीज शब्दावरून आल्याचे सांगतात. या वह्यांत त्या शब्दाचा अर्थ नावानिशी लिहिलेला आहे.

परंतु या वह्या काही सरकारी कागद नव्हेत, आणि त्यांचा प्रवासही सरळ नाही. पाद्रोआदो आणि प्रोपागांदा यांच्या दीर्घ वादात आपल्या भागाचा पत्रव्यवहार गोवा-लिस्बन आणि रोम असा दुभंगला. १९२८ च्या करारानंतर वसई-साष्टीचे धर्मग्राम मुंबईला जोडले गेले आणि मे १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत स्वतंत्र झाला. एकाच चर्चविषयीचे कागद तीन-चार ठिकाणी असणे त्यामुळे साहजिक आहे.

कागदाला वाळवी लागते, तशी अंकीय संग्रहालाही लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर यांत्रिक हल्ला झाला आणि तिच्या सूची कित्येक महिने बंद राहिल्या. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात इंटरनेट अर्काइव्हवरही तशीच पाळी आली. मूळ वही कपाटात नीट असेल, तरच प्रतिमेला अर्थ राहतो.

आता धर्मग्रामांच्या जुन्या वह्यांच्या प्रतिमा घेण्याचा विचार कोणी करील, तेव्हा त्यांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम प्रथमच आपल्याच माणसांच्या हाती असेल. हयात व्यक्तींच्या नोंदी उघड्या करू नयेत, हे उघडच आहे. मर्यादा घालून जुन्या वह्याच घ्याव्यात. सूची करताना सोयीसाठी मुलाचे नाव, पित्याचे नाव आणि तारीख एवढेच उतरवून घेण्याकडे कल असतो. तेथे ज्ञानपिता आणि आळी हे दोन रकाने वाढवावेत. एकाच वर्षी स्नानसंस्कार झालेले दोन जुजे परेरा आणि दोघांचे पिते पेद्रू, असे वहीत आढळले, तर त्यांना एकमेकांपासून वेगळे करणारी खूण आळीखेरीज दुसरी नसते.