अंगठा कुठं लावू?

मंडळी, आधीच सांगतो, मी वकील नाही. आपल्या वसई-विरार पट्ट्यातल्या एका लॉ कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. मुलांची फील्ड व्हिजिट निघाली की बस ठरवणं, परवानगीची पत्रं, पाण्याचे जार, प्रथमोपचाराची पेटी आणि फॉर्मच्या झेरॉक्स ही माझी कामं.

मागच्या हिवाळ्यात शिरसाड फाट्यावरून आत, पारोळच्या पुढच्या एका पाड्यावर गेलो होतो. विषय होता ‘आदिवासी आणि न्याय’. एका घरापुढे आजी भात पाखडत बसल्या होत्या. आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने फॉर्म पुढे केला. आजींनी सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसला आणि विचारलं, "अंगठा कुठं लावू?"

मुलीने अजून एकही प्रश्न विचारला नव्हता.

फॉर्मच्या तळाला ‘सही / अंगठा’ असा चौकोन होता. तो मीच टाकला होता, ऑफिसची सवय म्हणून. तेव्हापासून तो चौकोन डोक्यातून जात नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण आपल्याच भागाचा इतिहास आहे.

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा. इथे ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. वारली पोराने लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि फेड म्हणून त्याच्याकडे राबायचं. पुष्कळदा बायकोनेही राबायचं. हिशोब सावकाराच्या वहीत. किती फिटलं, किती राहिलं, हे वाचता येणारा एकच माणूस, तो म्हणजे सावकार. कर्ज फिटायचं नाही, माणूस संपायचा. इंग्रज सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला होता. पण अहवालाने वेठ थांबली नाही.

थांबवायला सुरुवात झाली ती १९४५ मध्ये. गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले, पुण्यात जन्मलेल्या, कायद्याच्या पदवीधर. काळा कोट घालून चार भिंतींत वकिली करता आली असती. त्या पाड्यापाड्यांवर फिरल्या, वारल्यांच्या झोपडीत राहिल्या, जे असेल ते खाल्लं. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं की यापुढे वेठ करायची नाही. लग्नगडी मोकळे होऊ लागले. किंमतही मोजावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. जेठ्या गांगड त्यातले एक. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवलंय. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी मिळालं.

मग स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली, कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी आली. तरी वेठबिगारी निर्मूलनाचा वेगळा कायदा यायला १९७६ उजाडलं. या कायद्याचं कलम १५ मी आमच्या सरांकडून समजून घेतलं. कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं, तर ते तसं नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. म्हणजे वही ज्याच्या हातात, पुराव्याचं ओझं त्याच्याच डोक्यावर. केवढी मोठी उलटापालट!

पण पाड्यावर हे कुणी सांगितलं? कायदा झाल्यावरही आपल्या वसई तालुक्यात वेठबिगार होतेच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी दहिसरपासून काम सुरू केलं (मुंबईतलं दहिसर नव्हे, आपल्या तालुक्यातलं). पुढे श्रमजीवी संघटना उभी राहिली आणि एकेक वेठबिगार मुक्त होत गेला. मुंबई लोकलने गाठता येते, त्या मुंबईच्या इतक्या जवळची ही गोष्ट आहे.

कॉलेजवाल्यांनी यात काय केलं, असं कुणी विचारेल. एकच उदाहरण देतो. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. सुप्रीम कोर्टाने दोन्ही पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या दिल्ली आणि पुणे विद्यापीठांच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन पेटलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईशी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि तिने ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने तेच धरून चालायचं. इथेही पुराव्याचं ओझं फिरलं.

तिसरी गोष्ट वनहक्क कायद्याची, २००६ ची. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क सांगता येतो. आणि नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरला जातो. ज्या माणसाचा आजवर फक्त अंगठा मोलाचा होता, त्याच्या शब्दाला प्रथमच मोल आलं.

आता परत पाड्यावर येऊ. त्या दिवशी आमच्या मॅडमनी सगळे फॉर्म गोळा करून बॅगेत टाकले आणि मुलांना म्हणाल्या, "आधी ऐका." आजी बोलल्या. मग घरातून पत्र्याचा डबा आणला. त्यात प्लास्टिकच्या पिशवीत वनहक्क दाव्याची पोच होती, कित्येक वर्षांपूर्वीची. दाव्याचं पुढे काय झालं, घरात कुणालाच माहीत नव्हतं. दावा फेटाळला तर ६० दिवसांत दाद मागता येते. पण निकालच कळला नाही तर दाद कसली मागणार?

मुलांनी तिथेच बसून अर्ज लिहिला, मॅडमनी तपासला. मुलीने तो आजींना दोनदा वाचून दाखवला. एक गटनंबर चुकला होता, तो आजींच्या मुलाने दुरुस्त केला. मग आजींनी विचारलं, "आता लावू?"

लावला. स्टँप पॅड माझ्याच पिशवीत होतं.

उत्तर अजून आलेलं नाही. मुलं पाठपुरावा करतायत, पत्रांची जावक नोंद मी ठेवतोय. पुढच्या व्हिजिटच्या फॉर्मवरून तो चौकोन काढलाय. जो काही कागद होईल त्याची एक प्रत त्या घरात ठेवायची, हे नवीन ठरवलंय.

एक माहिती तेवढी सगळ्यांपर्यंत पोहोचवा. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे आदिवासी माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००. तुमच्या वीटभट्टीवर, शेतात, घरकामाला येणाऱ्या माणसाला हे माहीत आहे का, एकदा विचारून बघा. आणि त्याच्यापुढे कुठलाही कागद ठेवाल, तेव्हा आधी तो वाचून दाखवा.