उसनें आणि कर्ज

मराठी भाषेनें 'कर्ज' आणि 'उसनें' हे दोन शब्द निरनिराळे राखले आहेत, ही गोष्ट लहान नव्हे. कर्जाला व्याज असतें, कागद असतो, साक्षीदार असतात. उसन्याला यांपैकीं कांहींच नसतें. नेलें तेवढेंच परत करावयाचें, आणि तेंही हातीं आल्यावर. शेजारणीकडून नेलेल्या पायलीभर ज्वारीवर कोणी व्याज आकारीत नाहीं. हा सारा घरगुती व्यवहार, राज्यकारभाराशीं किंवा उद्योगधंद्याशीं त्याचा संबंध नाहीं, असें आपण समजून चालतों. इतिहास मात्र निराळें सांगतो.

५ सप्टेंबर १६७६ या तारखेचें शिवाजीमहाराजांचें एक पत्र प्रसिद्ध आहे. कोंकणांतील प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास तें लिहिलेलें आहे. राज्याभिषेक होऊन तेव्हां दोन वर्षें लोटलीं होतीं. सुभेदारास आज्ञा अशी कीं, त्यानें गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, आणि ज्याच्यापाशीं शेत करण्याची कुवत आहे, पण जोताला बैल नाहीं व पोटाला दाणा नाहीं, त्यास दोनचार बैलांपुरते रोख पैसे व खंडी-दोन खंडी धान्य द्यावें. फेड घ्यावयाची ती वाढीदिढी न धरतां, केवळ मुद्दलाची. आणि तीही त्याच्या अंगीं त्राण येईल तसतशी, हळूहळू. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी चालेल, असेंही महाराज कळवितात. लारी म्हणजे चांदीची तार दुमडून केलेलें त्या काळचें नाणें.

'वाढीदिढी' हा शब्द आतां मागें पडला आहे, म्हणून थोडें विवरण करितों. पेरणीच्या वेळीं मणभर धान्य नेलें तर सुगीला दीड मण घालावयाचें, ही दिढी. चार-पांच महिन्यांत निम्मी भर! खळ्यांतून सावकाराचें माप आधीं निघे, आणि कुणबी पुढच्या पेरणीला पुन्हां रिकाम्या हातांनीं त्याच्याच दारीं उभा राही. महाराजांच्या पत्रानें नेमका हा फेरा तोडला.

याला निव्वळ दया म्हणण्यास माझें मन घेत नाहीं. पडीक जमिनीचा वसूल येत नाहीं, हा रोखठोक हिशेब त्यामागें होता. व्याज सोडलें तें पिकाच्या रूपानें सरकारच्या कोठींत येणार होतें. शिवाय एक शेत उभें राहिलें कीं सुतार, लोहार, चांभार, कुंभार या साऱ्यांचें बलुतें त्याच राशींतून निघे. ज्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे, त्या आम्हां कुंभारीकरांना हें निराळें सांगणें नलगे.

पुढें इंग्रजी अमलांत सारा रोख रकमेनें आणि ठरल्या हप्त्याला भरणें आलें. पीक असो वा नसो, हप्ता चुकत नसे. म्हणून सावकाराचें दारही चुकत नसे. त्याचा स्फोट १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें झाला. कुणब्यांनीं सावकारांच्या वह्या व कर्जरोखे हिसकून जाळले. चौकशी झाली, आणि १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, अहमदनगर आणि आपला सोलापूर या चार जिल्ह्यांसाठीं करण्यांत आला. १८८३ व १८८४ सालीं तगाईचे कायदेही आले. पण ही तगाई सव्याज होती, आणि थकली तर साऱ्याच्या बाकीप्रमाणें सक्तीनें वसूल होई. नांव तेंच राहिलें. 'त्राण येईल तसतशी' ही अट मात्र गळाली.

सरकारनें सोडलेली ही रीत लोकांनीं आपल्यापुरती जपली, ती भिशीच्या रूपानें. सोलापुरांत गिरण्या, माग आणि विड्यांचे कारखाने वाढले, तशी तुटपुंज्या मिळकतीची मोठी वस्ती येथें झाली. २००६ सालीं आमच्या कुंभारींत गोदूताई परुळेकर यांच्या नांवानें विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत झाली. अशा वस्तींत भिशी म्हणजे काय, हें आंकड्यांनींच पाहूं. दहा बायकांनीं दरमहा पांचशें रुपये काढले कीं पांच हजारांची रास होते. चिठ्ठी उचलून ती एकीस मिळते. पहिल्या महिन्यांत जिला मिळाली, तिला जणूं साडेचार हजारांचें उसनें मिळालें, नऊ महिन्यांत फेडावयाचें, व्याजावांचून. त्यांतून शिलाईचें यंत्र येतें, किंवा कडक भाकरी व शेंगाचटणीच्या धंद्यासाठीं ज्वारी-शेंगा घाऊक भावानें येतात. पण खरें मर्म पुढेंच आहे. रास उचललेली बाई दुसऱ्या महिन्यापासून स्वतःच देणारी होते. तिच्या पांचशें रुपयांवर दुसरीचा धंदा उभा राहतो. ती मध्येंच फिरली तर नऊ घरें बुडतात, आणि हातीं कागदाचा कपटा नसतो. म्हणून भिशींत कोणाला घ्यावें याची पारख पतपेढीपेक्षां कडक असते.

लिलावाच्या भिशीची गोष्ट वेगळी. तेथें जो अधिक सूट देईल तो रास आधीं उचलतो, म्हणजे व्याज मागल्या दारानें आंत येतें. असल्या व्यवहारांसाठीं १९८२ सालीं चिट फंडाचा कायदा करावा लागला. आठवड्याच्या हप्त्यानें कर्ज देणाऱ्या खासगी संस्था दारोदार येतात, त्यांचा दर तर बहुधा शेंकडा वीसाहून अधिक असतो.

अलीकडे सरकारही मुद्दलाच्या वाटेकडे थोडें वळलें आहे. २०२० सालीं फेरीवाल्यांसाठीं दहा हजारांच्या पहिल्या कर्जाची योजना निघाली. वेळेवर फेडणारास शेंकडा सात व्याज परत मिळतें. महाराष्ट्रांत तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास शेतकऱ्यावर व्याज पडत नाहीं. दोन्हींकडे सवलत टिकते ती तारीख पाळली तर. रामाजी अनंताच्या पत्रांत तारीख नव्हती. कुणब्याच्या अंगांत त्राण आलें कीं नाहीं हें सुभेदारानें जाऊन पाहावयाचें होतें. भिशींत तें शेजारणीच पाहतात. कोणाच्या घरीं दुखणें आलें कीं चिठ्ठी न टाकतां सर्वानुमतें तिचा क्रमांक पुढें घेतात, आणि ज्या बाईची त्या महिन्याची पाळी असते, ती आपण होऊन मागें सरते.